फोमशिवाय फुलं: पर्यावरण जपणाऱ्या पुष्परचनेची सुरुवात

समारंभ संपला होता, पाहुणे गेले होते आणि मी सजावट उतरवत होते. प्रत्येक टेबलावर एक पात्र, पात्रात हिरव्या फोमची वीट आणि विटेत खुपसलेले देठ. देठ उपसला की फोम भुसभुशीत होऊन हातावर, जमिनीवर, बेसिनमध्ये सांडायचा. शेवटी बेसिनमधून हिरवं पाणी वाहून गेलं आणि उरलेलं सगळं, म्हणजे फुलं, तारा, फोम, चकचकीत रिबिनी, एकाच काळ्या पिशवीत गेलं. वेगळं काढायला वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी ते निघालं नसतं. फुलं अजून ताजी होती. ती सहज मातीत जाऊ शकली असती. पण तारेनं आणि गोंदानं मीच त्यांना असं जखडलं होतं की मातीकडे जायची वाटच उरली नव्हती.

त्या रात्रीपासून मी काम उलट्या टोकाकडून करायला लागले. रचना कशी दिसेल याआधी ती कशी सुटेल, हे पाहते. पुष्परचना नुकती शिकायला घेतलेल्यांनी तर इथूनच सुरुवात करावी, कारण फोमची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ लागतो. माझी मोडायला दोन वर्षं लागली.

पहिली पायरी: शेवट आधी ठरवा

एक कागद घ्या. जी रचना करायची आहे तिच्यात जाणारी प्रत्येक वस्तू लिहा: फुलं, पानं, पात्र, आधार, तार, टेप, रिबीन, वेष्टन, टाचण्या. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शेवट लिहा. मातीत जाईल, पुन्हा वापरता येईल, किंवा कचऱ्यात जाईल. तिसऱ्या प्रकारात काय काय येतं ते नीट बघा. बहुतेक वेळा त्यात फुलं नसतातच. फुलांना धरून ठेवणाऱ्या आणि नटवणाऱ्या वस्तू असतात. तुमचं काम त्याच यादीवर आहे.

याशिवाय एक घोटाळा वेगळा लिहून ठेवा: मातीत जाणारी वस्तू कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूला कायमची चिकटवणं. गरम गोंदानं पानाला चिकटवलेला प्लास्टिकचा मणी, तारेत ओवलेली कळी, पाकळ्यांवर मारलेला रंगाचा फवारा. यात दोन्ही वस्तू वाया जातात. तार नाइलाजानं वापरावी लागली तर ती गुंडाळा, पिळून गाठ मारू नका, म्हणजे एका ओढीत निघते.

दुसरी पायरी: फोम का सोडायचा, हे समजून घ्या

फुलांसाठीचा हा फोम १९५४ मध्ये व्हर्नन स्मिदर्स यांनी अमेरिकेत शोधला. तो पाणी शोषतो, देठ हवा त्या कोनात धरतो, हलका असतो, स्वस्त असतो. सोयीच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनलेलं प्लास्टिक आहे. वापरताना त्याचा चुरा होतो, चुऱ्याचे आणखी बारीक कण होतात आणि धुतलेल्या पाण्याबरोबर ते गटारात जातात. एकदा टोचलेल्या फोममध्ये भोकं पडतात, त्यामुळे तो दुसऱ्यांदा नीट वापरताही येत नाही. पुनर्वापराच्या कोणत्याही डब्यात त्याला जागा नाही.

मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान जलचरांनी हे कण गिळल्याचं दिसलं. कणांमधून पाण्यात फिनॉलची संयुगं झिरपतात, हेही दिसलं. जैवविघटनशील म्हणून विकला जाणारा फोमही त्यात तपासला होता आणि त्यातून झिरपलेलं पाणीही जलचरांना अपायकारक ठरलं. म्हणून वेष्टनावर हिरवं पान छापलेलं पाहून निर्धास्त होऊ नका. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम-संस्थेनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमवर बंदी आणली. जगातले नावाजलेले रचनाकार जिथे मांडणी करतात तिथे हे जमतंय, म्हणजे फोमशिवाय मोठं काम होत नाही ही सबब आता टिकत नाही.

घरात आधीच फोम असेल तर तो फेकायची घाई नको. कोरडा फोम कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नका. वापरलेल्या फोमचं पाणी बेसिनमध्ये न ओतता जुन्या दाट विणीच्या कापडातून गाळा आणि गाळ घट्ट बांधून कचऱ्यात टाका. बागेतल्या मातीत फोम कधीही मिसळू नका.

तिसरी पायरी: देठ धरायला दुसरं काय?

लेखाचा गाभा हाच. इथे घाई करू नका. एकेक पद्धत आठवडाभर हाताळून बघा.

*जाळी.* कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी तारेची जाळी. फोम बाजारात यायच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, लंडनच्या पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय हीच जाळी चुरगळून पात्रात बसवत आणि तिच्यावर भल्यामोठ्या रचना उभ्या करत. कोबीवर्गातली पानं, कुंपणाची झुडपं, रानगवत, असं तोपर्यंत दिवाणखान्यात न दिसलेलं सगळं त्यांनी फुलांशेजारी आणून ठेवलं, ते या मोकळ्या आधारामुळेच शक्य झालं असं मला वाटतं.

जाळीची भोकं साधारण पाच सेंटिमीटरची असावीत. बारीक भोकांत जाड देठ जात नाही, शिवाय दोन-तीन थर एकमेकांवर आले की भोकं आणखी लहान होतात. पात्राच्या तोंडाच्या अडीचपट रुंदीचा तुकडा कापा. हातमोजे घाला, कापलेली टोकं चांगलीच ओरबाडतात. तुकड्याची सैल उशी करा. घट्ट गोळा केला की सगळं बिघडतं. वरून पाहिलं तर भोकातून भोक दिसलं पाहिजे, म्हणजे देठ दोन-तीन ठिकाणी अडकतो आणि हलत नाही. उशी पात्राच्या काठापेक्षा थोडी वर येऊ द्या, त्यामुळे कडेची फुलं आडवी झुकवता येतात. मग सुतळीनं किंवा जलरोधक टेपच्या दोन पट्ट्यांनी फुलीसारखी बांधून टाका. काम झालं की जाळी धुवून पूर्ण वाळवा. ओली ठेवली तर गंजते, कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं चालते.

*केन्झान.* इकेबाना या जपानी पुष्परचनेतली काट्यांची जड बैठक, तिला पिनहोल्डरही म्हणतात. किंमत एकदाच मोजायची, ती पुष्कळ वर्षं पुरते. उथळ पात्रात मोजकी फुलं उभी करायची असतील तर याहून चांगलं साधन मला माहीत नाही. देठ तिरका करून खुपसू नका. आधी सरळ खोवा, मग हव्या त्या बाजूला कलवा. फांदी कठीण असेल तर तिच्या टोकाला उभी चीर द्या. देठ फार बारीक असेल तर तीन-चार देठ सुतळीनं एकत्र बांधा, किंवा जाड देठाच्या छोट्या तुकड्यात तो खोवा आणि तो तुकडा काट्यांवर बसवा. बैठक पात्राला चिकटवायची असेल तर जलरोधक चिकणमातीची वळी लावा, आणि पात्र व बैठक दोन्ही कोरडी असतानाच लावा. एकदा मी ओल्या पात्रात ती लावली. प्रवासात बैठक सरकली आणि पोचेपर्यंत निम्म्या डहाळ्या मोडल्या होत्या. बऱ्याच केन्झानचा तळ शिशाचा असतो, म्हणून हाताळल्यावर हात धुवा आणि खाण्यापिण्याच्या भांड्यात ती ठेवू नका.

*फांद्या.* इकेबानाच्या जुन्या शैलींत दुबेळक्याची छोटी फांदी पात्राच्या तोंडात अडकवतात आणि तिच्या खाचेत देठ टेकवतात. हा आधार शेवटी फुलांबरोबरच मातीत जातो. उंच, अरुंद तोंडाच्या पात्रात लवचीक डहाळ्यांचं घरटं वळून आत सोडलं तरी तेच काम होतं. पहिल्यांदा हे अवघड वाटेल. हाताला सवय झाली की जाळीचीही गरज कमी होत जाते.

*काहीच नाही.* अरुंद तोंडाची बाटली, बरणी, सुरई. तीन देठ एकमेकांना छेदून उभे राहिले की तेच चौथ्याचा आधार होतात. हातात धरून देठ एकाच दिशेला फिरवत बांधलेला गुच्छही असाच कशाशिवाय उभा राहतो. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगते, कारण देठांचं वजन आणि कल यातून लगेच कळतो.

फोम सोडल्यावर एक गोष्ट बदलते, ती आधीच सांगते. पात्रात आता मोकळं पाणी असतं, ते सांडू शकतं. प्रवासाला निघताना एक तृतीयांशच भरा, जागेवर पोचल्यावर झारीनं पूर्ण भरा. आणि रोज पाहा. उन्हाच्या दिवसांत भरगच्च पात्र एका दिवसात निम्मं पाणी पितं.

चौथी पायरी: फुलं कुठून येतात, हे विचारा

जवळचं फूल चांगलं आणि लांबचं वाईट, असा सोपा हिशेब मीही बरेच दिवस करत होते. तो अपुरा आहे. ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठानं २००७ मध्ये ब्रिटनच्या बाजारात येणाऱ्या गुलाबांची तुलना केली होती. १२,००० गुलाबांमागे केनियातून विमानानं आलेल्या फुलांचं कार्बन उत्सर्जन सुमारे ६,००० किलो भरलं, तर शेजारच्या नेदरलँड्समधल्या फुलांचं सुमारे ३५,०००. कारण थंड प्रदेशातल्या काचघरांना लागणारी ऊब आणि दिवे. केनियात ते काम ऊन करतं. तरीही केनियाचं फूल निर्दोष ठरत नाही, पाणी आणि फवारणीच्या औषधांचे प्रश्न तिथेही आहेतच. मी यातून घेतलं ते असं: अंतर विचारा, पण त्याआधी ऋतू विचारा. ज्या महिन्यात जे फूल उघड्या शेतात आपोआप फुलतं, त्या महिन्यात ते जवळच्या शेतातून घेणं हा सगळ्यात स्वच्छ पर्याय.

म्हणून फुलांची नावं ठरवून खरेदीला जाऊ नका. आकार ठरवून जा. एक मोठं गोल फूल, एक उभी काठी, एक बारीक भुरभुरणारं काहीतरी, एक झुकणारी वेल. त्या दिवशी जे ताजं आणि हंगामातलं असेल ते या चार जागांवर बसवा. वाकडा देठ, एका बाजूला उमललेली कळी, किडीनं कुरतडलेलं पान, हे विक्रेता बाजूला टाकतो. जाळीवरच्या मोकळ्या रचनेत वाकडा देठ सरळ देठापेक्षा जास्त उपयोगी पडतो. लांबून येणारी फुलं घ्यावीच लागली तर रेनफॉरेस्ट अलायन्स, फेअरट्रेड किंवा कोलंबियातल्या फुलांवर दिसणारं फ्लोरव्हेर्दे यांपैकी एखादं, पर्यावरण आणि मजुरांची काळजी घेतल्याचं प्रमाणपत्र आहे का ते बघा.

औषधांबद्दल. बेल्जियममध्ये विक्रीला आलेल्या गुलाब, शेवंती आणि जर्बेरांची तपासणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात कीडनाशकं-बुरशीनाशकं धरून शंभराहून अधिक रसायनांचे अंश सापडले होते. दिवसभर फुलं हाताळणाऱ्यानं हातमोजे घालावेत आणि विकतच्या पाकळ्या खाद्यपदार्थांवर पसरू नयेत, एवढं तरी नक्की करा.

रानातून तोडताना जागामालकाची परवानगी घ्या, आणि एका ठिकाणी जेवढं दिसतं त्याचा लहानसा हिस्साच घ्या. शेवाळ मात्र तोडू नका. भांड्याभोवती हिरवी कड लावायला पोतीच्या पोती शेवाळ वापरतात. पण दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळापासून तयार होणारा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या अवशेषांचा, थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि खरवडून नेलेली जागा पुन्हा भरायला फार काळ लागतो. बाहेरून येऊन झपाट्यानं पसरणाऱ्या आक्रमक वनस्पतींचं उलट आहे, त्या तोडल्या तर बरंच. फक्त बी आणि फळ धरायच्या आधी. अमेरिकेत आशियाई बिटरस्वीट या वेलीची लालकेशरी फळं वर्तुळाकार माळांमध्ये वापरली गेली, माळा नंतर उघड्यावर टाकल्या गेल्या आणि पक्ष्यांनी बिया दूरवर नेल्या. काही राज्यांत आता त्या वेलीच्या विक्रीलाच बंदी आहे. पम्पास गवताचे तुरेही असेच हजारो बिया वाऱ्यावर सोडतात.

पाचवी पायरी: फुलं जगवा

दोन दिवसांत मान टाकणारं फूल कितीही शुद्ध शेतातून आलेलं असलं तरी वायाच गेलं. या पायरीला लोक कंटाळतात. मला तीच सगळ्यात आवडते.

बादल्या जेवणाच्या ताटाइतक्या स्वच्छ घासा. जिवाणू देठाच्या नळ्या बुजवतात, आणि फूल पाण्यात उभं असूनही तहानेनं मरतं. पाण्याखाली जाणारं प्रत्येक पान काढा. धारदार कात्रीनं देठाचं टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापा, लगेच पाण्यात ठेवा. मग किमान चार तास, शक्य असेल तर रात्रभर, सावलीत, वारा नसलेल्या जागी. ही विश्रांती न देता थेट रचनेत घेतलेली फुलं दुसऱ्या दिवशी तक्रार करतात.

काहींच्या सवयी वेगळ्या. देठातून पांढरा चीक गळत असेल तर टोक काही सेकंद उकळत्या पाण्यात धरा. नार्सिससचा चिकट स्राव इतर फुलांना मारतो, म्हणून ती काही तास स्वतंत्र ठेवा आणि नंतर देठ पुन्हा कापू नका. हायड्रेंजिया कोमेजला तर अख्खा तुरा तासभर पाण्यात बुडवा, बहुतेक वेळा उठून बसतो. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहते, तिला जागा सोडून ठेवा. कार्नेशन आणि डेल्फिनियम पिकणाऱ्या फळांजवळ ठेवू नका, फळांतून सुटणारा इथिलीन वायू त्यांना लवकर म्हातारं करतो. गुलाबाला दोन-चार अंश सेल्सिअसची थंडी मानवते. अँथुरियम आणि उष्ण प्रदेशातली ऑर्किड्स तेवढ्या थंडीत काळवंडतात.

पाण्यात नुसती साखर घालू नका, ती जिवाणूंचं खाद्य होते. फुलांचं तयार खाद्य घ्यायचं तर वेष्टनावरच्या प्रमाणातच घाला. ते नको असेल तर रोज पाणी बदला. त्यानंही काम होतं.

सहावी पायरी: पहिली रचना

एक उथळ, जड पात्र. त्यात जाळीची उशी बांधलेली. पाणी दोन तृतीयांश.

आधी पानं आणि डहाळ्या. पाच-सहा पुरे. त्या एकाच उंचीच्या नकोत. एक बाजू उंच, दुसरी खाली वाहणारी. या डहाळ्या देठांना आणखी घट्ट धरतात, म्हणून त्या आधी. मग मोठी फुलं, तीन किंवा पाच, वेगवेगळ्या खोलीवर. एखादं मुद्दाम आत, सावलीत. त्यानंतर मधली फुलं, आणि शेवटी हलकं, भुरभुरणारं. प्रत्येक देठाचं टोक पाण्यात आहे ना, हे बोटानं चाचपून बघा. फोमची सवय असलेल्यांचं इथेच चुकतं: देठ जाळीत अडकतो, पण पाण्यापर्यंत पोचत नाही.

जाळी दिसत असेल तर ती झाकायला आणखी फुलं कोंबू नका. एखादं रुंद पान काठावरून खाली सोडा. आणि मग थांबा. हातात चार फुलं उरली असतील तर ती दुसऱ्या बाटलीत लावा. गर्दीत कोंबलेलं फूल कुणालाच दिसत नाही.

सातवी पायरी: बांधणं, गुंडाळणं, रंगवणं

बाजारात सेलोफेन म्हणून मिळणारा पारदर्शक कागद बहुधा पॉलिप्रोपिलिन असतो, म्हणजे प्लास्टिक. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजचा. विचारून घ्या, नाहीतर साधा कागद वापरा. सॅटिनची रिबीन बहुतेक वेळा पॉलिएस्टर असते. सुती पट्टी, ताग, जुन्या सुती कापडाच्या चिंध्या चांगल्या दिसतात आणि मातीतही जातात. चमकी (ग्लिटर) नकोच. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, कारण ती सूक्ष्मप्लास्टिकच आहे. वाळवलेली फुलं हवीत तर स्वतः उलटी टांगून वाळवा. दुकानातली पांढरीशुभ्र सुकी फुलं रसायनांनी रंग उडवलेली असतात.

कुणासाठी काम करत असाल तर हे सगळं आधीच बोलून घ्या. "हेच फूल हवं" असं सांगणाऱ्याला मी "कोणता रंग, कशा भावनेचं?" असं विचारते. बहुतेकांना फुलाचं नाव नको असतं, त्यांच्या मनात एक चित्र असतं. पात्रं परत घेणार, हेही तेव्हाच लिहून घ्या.

आठवी पायरी: उतरवणं

याचे तास कामाच्या वेळेतच मोजा आणि त्याचे पैसेही सांगा. नाहीतर मध्यरात्री पुन्हा काळी पिशवी उघडली जाते. तीन बादल्या ठेवा. पहिलीत अजून टवटवीत असलेली फुलं. त्यांचे देठ कापून नव्या पाण्यात लावा, जवळच्या वृद्धाश्रमाला किंवा रुग्णालयाला द्या, पण आधी विचारून, कारण अनेक रुग्णालयांत काही विभागांत फुलं चालत नाहीत. मांजर असलेल्या घरी लिली देऊ नका, तिचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. दुसऱ्या बादलीत जाळ्या, बैठका, तारा, पट्ट्या. तिसरीत कंपोस्टसाठीचं.

कंपोस्टला देताना देठ बोटाएवढे तुकडे करून टाका, अख्खा गुच्छ महिनोन्महिने तसाच राहतो. फुलं आणि हिरवी पानं ओली, नायट्रोजनवाली. एक टोपली हिरवं टाकलं की दोन-तीन टोपल्या वाळका पालापाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा घाला, नाहीतर ढीग सडून वास मारतो. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. आठवड्यातून एकदा वर-खाली करा. बी धरलेले तुरे आणि आक्रमक वनस्पती यात नकोत. विकतच्या फुलांवर औषधांचे अंश असतात, म्हणून त्यांचं खत मी भाज्यांना घालत नाही, शोभेच्या झाडांना घालते.

शेवटी तो पहिल्या पायरीचा कागद काढा. काय मातीत गेलं, काय परत आलं आणि पिशवीत काय गेलं, ते समोर लिहा. माझ्या मागच्या रचनेच्या तिसऱ्या प्रकारात टेपच्या चार पट्ट्या होत्या. पुढच्या वेळी तिथे सुतळी बांधून बघणार आहे.